हरेशचं कासव, माझा पेंग्विन

नववीत असताना शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी जे बोललो, त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ही गोष्ट मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो, की तिचा मला आधारच झाला होता. पण मी डोळ्यांनी जेवढं पाहिलं होतं त्यातलं अर्धंच सांगितलं, आणि कुठलं अर्धं सांगायचं हे नीट ठरवून सांगितलं. त्यामुळे मला पहिलं बक्षीस मिळालं आणि हरेशच्या वडिलांचा मान गेला. चूक माझी होती. वय, शाळा, सर, स्पर्धा, कुणाच्याही माथी मला ती मारता येत नाही. मारून पाहिली आहे.

आम्ही अंधेरीला सात बंगल्याच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका. घर दोन खोल्यांचं, पण खिडकी पश्चिमेला असल्यामुळे वारा भरपूर. त्या वाऱ्याबरोबर सुक्या बोंबलांचा वासही यायचा. आमच्या मजल्यावरचे शहाकाका नाक दाबून खिडक्या लावून घ्यायचे, आई मात्र म्हणायची, "लावा, लावा. आमच्या घरात हवा जास्त येईल." डोक्यावरून विमानं गेली की बोलणं मध्येच थांबवायचं आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे चालू करायचं, ही आमच्या घरातल्या सगळ्यांची सवय होती. वडील तर विमान जाईपर्यंत घास हातात धरून बसायचे.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातून लीलामावशी मासे घेऊन यायची. जिन्यात तिच्या बांगड्यांचा आवाज आला की आई गॅस बारीक करायची. पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून मावशी आत यायची, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकून फरशीवर बसायची आणि चहा घ्यायची. मग दोघींचं भांडण चालायचं.

"ताई, हे पापलेट काय रडतंय का, असं दाबून दाबून बघतेस ते?"

"डोळे बघ त्याचे. माझ्यापेक्षा जास्त जागरण झालंय त्याचं."

"तर! काल रात्री जाल्यात होता, झोपंल कुठून?"

आई हसायची आणि घ्यायची. त्या दिवशी दुपारी मांदेली तळलेली असायची, कडक, काट्यासकट खाता येतील अशी, किंवा ओल्या बोंबलाचं तिखलं. लीलामावशी मला भाचा म्हणायची. तिचा मुलगा हरेश माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. त्याला मी हऱ्या म्हणायचो, तो मला मिल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी सकाळी उठून चालत वेसाव्याला जायचो, आणि आई फक्त एवढंच म्हणायची, "पाण्यात जाऊ नकोस हं." मी पाण्यातच जायचो.

हरेशच्या वडिलांना सगळे जनू नाखवा म्हणत, मी जनूकाका. उंचीला बेताचे, खांदे रुंद, बोलणं कमी. त्यांची मोठी बोट भावाबरोबर भागीत होती, पण स्वतःची एक लहान होडीही होती. खाडीच्या तोंडाशी जाळं लावून घरापुरते आणि मावशीच्या पाटीपुरते मासे ते त्या होडीतून आणत. त्या सुट्टीत एकदा सकाळी ते मला म्हणाले, "येतोस का रं? ओकलास तर बाहेर ओकायचं." मी आणि हरेश उडी मारून बसलो.

जाळं ओढताना ते जड लागलं. हरेश खूश झाला. "बाबा, घोळ मासा असंल मोठा!" जनूकाकांचे हात मात्र हळू झाले. मग पाण्यातून हिरवट राखाडी पाठ वर आली. कासव होतं, ज्याला पुस्तकात ऑलिव्ह रिडले म्हणतात ते. पुढचे दोन्ही पाय जाळ्यात गुंडाळलेले, मान एका बाजूला पडलेली. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. त्याला वर येता आलं नव्हतं.

मला वाटलं होतं, ते जाळं सोडवतील. त्यांनी सुरी काढली आणि आपलंच जाळं कापलं, चांगलं हातभर. हरेश ओरडला, "बाबा, नवीन हाय!" त्यांनी ऐकलं नाही. कासव त्यांनी होडीत घेतलं, मागची बाजू दोराच्या वेटोळ्यावर जरा उंच ठेवली, गोणपाट समुद्रात बुडवून त्याच्या पाठीवर घातलं आणि शेजारी बसले.

"मेलंय का काका?" मी विचारलं.

"झोपला असंल. कवा कवा उठतो."

आम्ही बसलो. गोणपाट सुकलं की ते परत भिजवायचे. मधूनच त्याच्या पायाला बोट लावून बघायचे. ऊन चढलं. टोपलीतले मासे मऊ पडायला लागले, त्यांच्यावर माश्या आल्या. लीलामावशी किनाऱ्यावर पाटी घेऊन थांबली असणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"आय बोंबलत असंल," हरेश म्हणाला.

"बोंबलू दे."

सूर्य डोक्यावर आला तरी ते उठले नाहीत. त्या दिवसाची सगळी मासळी फुकट गेली. शेवटी त्यांनी गोणपाट काढलं, कासवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि होडी खाडीपलीकडे मढच्या बाजूला नेली. तिथे वाळूचा एक पट्टा होता. त्यांनी हातांनी खड्डा केला. आम्हीही उकरू लागलो. कासव ठेवून, वाळू लोटून, त्यांनी वाळूला कपाळ टेकवलं. उठताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरा, हे इथंच ऱ्हाऊ दे. कुणाला बोलू नको." मी समुद्राच्या दिशेने हात करून शपथ घेतली. खरं तर शपथ त्यांनी मागितलीही नव्हती.

का बोलायचं नाही, हे परतताना हरेशने सांगितलं. त्यांच्याकडे कासव म्हणजे देव. जिवंत सापडला तर कुंकू लावून, नारळ देऊन परत सोडतात. मेलेला सापडला तर मात्र जमातीच्या पंचांना सांगावं लागतं, आणि त्या घराने त्या वर्षी कुठलाही मान घ्यायचा नाही. येत्या होळीला पहिला नारळ वाहायचा मान त्यांच्या आळीकडे आला होता, आणि आळीने जनूकाकांचं नाव घेतलं होतं. हरेशच्या आजीच्या हयातीत त्यांच्या घरात तो मान आला नव्हता. म्हातारीने नेसायचं लुगडं आत्ताच काढून ठेवलं होतं.

सुट्टीनंतर विज्ञान सप्ताह आला. सबनीससरांना मराठीत विज्ञान बोलायला लावायची हौस होती. त्यांनी वादविवादाचा विषय काढला: ऑलिव्ह रिडले कासव आणि सम्राट पेंग्विन, दोघांत श्रेष्ठ कोण? चिठ्ठ्या टाकल्या. कासव हरेशला आलं, पेंग्विन मला. मी रडकुंडीला आलो. अंधेरीत कुणी पेंग्विन बघितला होता? आता भायखळ्याच्या बागेत आहेत, मुलीला घेऊन मी जाऊन आलो आहे, काचेपलीकडे डुलत डुलत चालतात. पण ते हम्बोल्ट जातीचे, बुटके, गरम किनाऱ्यावरचे. माझा पेंग्विन अंटार्क्टिकाचा, बर्फावर उभा राहणारा, माझ्या कमरेएवढा उंच. आईने शाळेच्या ग्रंथालयातून ज्ञानकोशाचा खंड आणला आणि मी तो पाठ केला.

सरांनी तयारी करून घेताना फळ्यावर दोघांना समोरासमोर मांडलं होतं. दोघंही पाण्यात उडतात म्हटलं तरी चालेल. एकाचे पुढचे पाय वल्ह्यासारखे झाले, दुसऱ्याचे पंख. दोघंही खारं पाणी पितात आणि जादाचं मीठ बाहेर टाकतात, कासव डोळ्यांवाटे, पेंग्विन चोचीवाटे. दोघांनाही श्वासासाठी वर यावं लागतं. इथवर हरेश आणि मी एकाच बाकावर बसून हसत खिदळत लिहून घेत होतो. भांडण पुढे होतं, पोरांच्या बाबतीत. कासवीण शंभरावर अंडी घालते आणि निघून जाते. पेंग्विनची मादी एकच अंडं देते आणि खायला समुद्रावर जाते; मग नर ते अंडं पावलांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, दोन महिन्यांहून जास्त काळ अंधारात, वादळात, उपाशी उभा राहतो.

"तू जिंकलास यार," हरेश म्हणाला होता. "माझी आय पोरांना टाकून पळालेली, तुझा बाप उपाशी उभा. माझी तर वाट लागली."

पण स्पर्धेच्या दिवशी वाट माझी लागली. तो आधी बोलला. त्याने काही पाठ केलं नव्हतं. तो हात पसरून म्हणाला, कासवीण एवढी मोठी, पाण्यात हलकी आणि जमिनीवर दगड. तरी ती स्वतःला ओढत वर येते. मागच्या पायांनी खड्डा करते, आणि मागचे पाय तिला दिसत नाहीत, तरी खड्डा कसा एकसारखा होतो, बघा. अंडी घातली की वाळू लोटून आपल्या अंगाने थापते. मग जाते. "ती थांबली असती तर कोल्ह्याकुत्र्यांना जागा कळली असती. म्हणून जाते. पोरं वाढवायचं काम ती वाळूला देऊन जाते. आणि वाळू ते करते. आमची आय पन सकाळी पाटी घेऊन जाते, तेव्हा आमाला टाकून जाते का?" मुलं हसली, टाळ्या पडल्या. शेवटी म्हणाला, "म्हणून आमच्याकडे तो देव हाय. जाल्यात आला तर आमी त्याला सोडतो."

माझी पाळी आली तेव्हा माझा अंटार्क्टिका लांब वाटायला लागला. मी अंडं सांगितलं, वादळ सांगितलं, उपास सांगितला. समोर कुणीतरी जांभई दिली. दुसऱ्या रांगेत आई बसली होती. तिच्या चेहऱ्यावर ती माझ्यासाठी काळजीत पडल्यावर जो भाव यायचा, तो आला होता. आणि मला एकदम सुचलं. सुचलं म्हणतो, खरं म्हणजे हरेश 'सोडतो' म्हणाला तेव्हाच ते माझ्या तोंडात येऊन बसलं होतं.

मी म्हणालो, "माझा मित्र म्हणतो, आम्ही कासवाला सोडतो. मी त्याला विचारतो, गेल्या दिवाळीत जो देव त्यांच्याच जाळ्यात गुदमरून मेला, त्याचं काय? कुणाला कळू नये म्हणून तो कुणी वाळूत पुरला? का पुरला? होळीचा मान जाऊ नये म्हणून! पायावर अंडं घेऊन उपाशी उभा राहणारा बाप कुठे, आणि देव लपवून मान मिरवणारा बाप कुठे!"

आवाज छान लागला होता. सभागृहात टाळ्या झाल्या, पण डाव्या बाजूला, जिथे वेसाव्याची मुलं बसायची, तिथे झाल्या नाहीत. हरेशकडे उत्तराला वेळ शिल्लक होता. सरांनी त्याचं नाव घेतलं. तो उठला. त्याच्याकडे सगळं होतं: कापलेलं जाळं, गोणपाट, फुकट गेलेली मासळी, सगळं. पण ते सांगायचं तर आधी माझं खरं आहे हे कबूल करावं लागलं असतं, आणि कबूल करायचा हक्क त्याचा नव्हता, बापाचा होता. तो म्हणाला, "माझं झालं, सर," आणि बसला.

परीक्षक पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. उदाहरण जवळचं घेतलं, म्हणाले. आईने घरी येऊन शिरा केला. फक्त शिरा वाढताना तिने विचारलं, "ते हरेशच्या घरचं खरं होतं का रे?" मी म्हणालो, "असंच, वादासाठी." तिने विश्वास ठेवला, किंवा ठेवायचं ठरवलं.

संध्याकाळपर्यंत ते वेसाव्यात पोहोचलं होतं. जमातीने जनूकाकांना बोलावून विचारलं आणि त्यांनी "होय" एवढंच सांगितलं. आपण थांबलो होतो, जाळं कापलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. हे मला कळलं ते वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडून, कारण हरेश दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि शाळा संपेपर्यंत तिथेच बसला. होळीला नारळ दुसऱ्या घराने वाहिला. आमच्या खिडकीतून त्या रात्री ढोल ऐकू येत होते. मी खिडकी लावून घेतली. आई म्हणाली, "शहाकाका झालास की काय?"

लीलामावशी येत राहिली. तेच सगळ्यात कठीण होतं. बांगड्या वाजायच्या, पाटी उंबऱ्याबाहेर टेकायची, पण ती आत यायची नाही. जिन्याच्या पायरीवर बसूनच वजन करायची. आई चहा घेऊन बाहेर गेली की म्हणायची, "नको ताई, घाई हाय." आईने पापलेट दाबून बघितलं तरी भांडायची नाही. मला भाचा म्हणणंही तिने बंद केलं. मी समोर आलो की "मुला, जरा बाजूला हो," एवढंच. आई कितीदा तरी म्हणाली, "काय झालं रे हिला? आपलं काही चुकलं का?" मी पुस्तकात डोकं घालून बसायचो.

आता पन्नाशी उलटल्यावर मला सरांचा प्रश्नच चुकीचा वाटतो. बर्फावर ठेवलेलं अंडं क्षणात गोठतं, म्हणून पेंग्विनला उभं राहावं लागतं. उबदार वाळूत ठेवलेलं अंडं वाढतं, म्हणून कासविणीला जाता येतं. जिथे जन्माला आले तिथे जे करता येईल ते दोघंही करतात, त्यात श्रेष्ठ कोण ते काय ठरवायचं? पण हे म्हणणं माझ्या फार सोयीचं आहे, हेही मला कळतं. प्रश्न चुकीचा होता म्हणून उत्तर देणारा सुटत नाही. ज्या दिवशी मी एक बाप उपाशी, उन्हात, दुसऱ्याच्या जिवासाठी बसलेला प्रत्यक्ष पाहिला होता, तो दिवस बाजूला ठेवून मी ज्ञानकोशातला बाप वर आणला.

यंदा आमची इमारत पुनर्विकासाला गेली. आई आता नाही. घर मी आणि बायकोने रिकामं केलं. शोकेसच्या मागून त्या पहिल्या बक्षिसाचा चषक निघाला. बायकोने विचारलं, "हा कशाचा?" मी म्हणालो, "शाळेतला, वक्तृत्वाचा," आणि माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. "असंच, वादासाठी" म्हणतानाचा. मी तिला तिथेच खोक्यांवर बसवून सगळं सांगितलं. तिने चषक खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "आणि तू त्यांच्याकडे एकदाही गेला नाहीस? वेसावं तर आहे, अमेरिका नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गल्ली अरुंद होती तशीच, घरांवर मजले चढले होते. हरेश दारात जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन विणत बसला होता. केस पिकले होते. त्याने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"आयलास? लय ट्रॅफिक होता वाटतं."

मी लीलामावशीबद्दल विचारलं. दोन वर्षं झाली, तो म्हणाला. मी म्हणालो, मला कळलं नाही. तो म्हणाला, "कळवायला पायजे होतं का?" मग मी बोलायला लागलो. हरेश, मी जे केलं, मला माफ... त्याने हात वर केला.

"मला नको सांगू. तेव्हाच तुला दोन ठेवून दिल्या असत्या तर माझं मिटलं असतं, ती माझी चूक. तू माझ्या बापाचं बोललास. बापूस आत हाय. त्याला सांग."

"त्यांना आठवत असेल?"

"कान गेलेत त्याचे. इंजिनाच्या आवाजानं. डोकं नाय गेलं."

त्याने आत जाऊन जनूकाकांना धरून आणलं आणि ओट्यावर बसवलं. खांदे उतरले होते, नजर मात्र तीच, माणसाला तोलणारी. मी पाया पडलो. त्यांनी हरेशकडे बघितलं. हरेश मोठ्याने म्हणाला, "मिल्या! सात बंगल्याचा!" आणि परत जाळ्याकडे वळला. म्हाताऱ्याचा चेहरा हलला नाही.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं, काका."

"काय बोलतो हा?" त्यांनी हरेशला विचारलं.

"मी नाय सांगनार," हरेश मान खाली घालूनच म्हणाला. "त्याचं त्यालाच सांगू दे."

समोरच्या ओट्यावर दोन बाया जवळा निवडत होत्या. त्यातली थोरली म्हणाली, "अरे, कानात काय कुजबुजतोस? त्यांना तसा नाय ऐकू येत. शाळा शिकलास ना, मोठ्यानं बोल!" दुसरी हसली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. मी एकांतात, दोन वाक्यांत, डोळे पुसत माफी मागायला आलो होतो. गल्लीत तशी जागाच नव्हती. आणि मग मला वाटलं, सभागृहात तरी कुठे एकांत होता?

मी सरळ उभा राहिलो. तेव्हा लागला होता तसा आवाज आता लागत नव्हता. फाटका, चिरका निघत होता. तरी पोटातून काढला, वरच्या खिडकीपर्यंत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"काका! तुमच्या होडीत मी होतो! कासवासाठी तुम्ही तुमचं नवीन जाळं कापलंत! ऊन डोक्यावर येईपर्यंत त्याच्याशेजारी बसलात, त्याच्यावर पाणी घालत बसलात! अख्खी मासळी फुकट जाऊ दिलीत! मी हे सगळं बघितलं होतं, आणि शाळेत सांगितलं नाही! जिंकायचं होतं म्हणून सांगितलं नाही! तुमचा मान माझ्यामुळे गेला, काका! माझं चुकलं! मला माफ करा!"